दुसरी चावी

बँकेच्या शाखेतील तिजोरी एका चावीने उघडत नाही. एक चावी शाखाधिकाऱ्याच्या ताब्यात असते, दुसरी रोखपालाच्या. दोघेही कितीही सचोटीचे असले तरी ही पद्धत बदलत नाही. तिच्यामागे कोणावरही अविश्वास नसतो. एका माणसाची चूक, एका माणसाचा विसर किंवा एका माणसावर आलेला दबाव यांपायी रोकड जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. जुन्या पेढ्यांवरही निराळ्या रूपात हाच रिवाज होता. मोठी रक्कम द्यावयाची असली की मुनीम चिठ्ठी लिहीत, शेठजी तीवर नजर फिरवून सही करीत आणि मगच गल्ल्यातून पैसे बाहेर पडत.

आज त्या गल्ल्याचा बराचसा भाग शेठजींच्या खिशात आला आहे. यूपीआयने येणारे पैसे, बँकेचे ॲप, जीएसटीच्या कामासाठी येणारा ओटीपी, उधारीची नोंद, गिऱ्हाइकांचे व आडत्यांचे क्रमांक, आधार आणि पॅनची छायाचित्रे असा सारा ऐवज एका स्मार्टफोनमध्ये साठलेला असतो. या तिजोरीला चावी मात्र बहुधा एकच असते, ती म्हणजे चार किंवा सहा अंकांचा पिन. तोही दिवसभर काउंटरवर, गिऱ्हाईक, हमाल आणि शेजारचा दुकानदार यांच्या डोळ्यांदेखत दाबला जातो.

‘सिस्टीम अपडेट उपलब्ध आहे’ हा संदेश नेमका गर्दीच्या वेळी येतो आणि बोट आपोआप ‘नंतर’ या शब्दावर जाते. फोन मंद होईल, मांडणी बदलेल, एखादी नोंद नाहीशी होईल, अशी भीती त्यामागे असते. ती अगदीच निराधार नाही. तथापि अलीकडच्या अपडेटमध्ये रंग आणि चित्रे यांपलीकडे बरेच काही आले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पिक्सेल फोनवर आलेले अँड्रॉइड १५ आणि जून २०२५ मध्ये आलेले अँड्रॉइड १६ यांतील व्यापारी माणसाच्या पसंतीस उतराव्यात अशा सुधारणा निवडल्या, तर त्या साऱ्यांत एकच सूत्र आढळते. फोनच्या तिजोरीला त्या दुसरी चावी देतात.

परवानगीची दहा वर्षे

ही वाटचाल एका दिवसात झालेली नाही. २०१५ पूर्वी अँड्रॉइडवर एखादे ॲप घेताना त्याच्या साऱ्या मागण्या एकदम मान्य कराव्या लागत. त्या वर्षीच्या अँड्रॉइड ६ पासून कॅमेरा, संपर्क, एसएमएस यांची परवानगी गरजेच्या वेळी, वेगवेगळी विचारली जाऊ लागली. अँड्रॉइड ११ मध्ये ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगी देता येऊ लागली आणि दीर्घकाळ न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या फोन स्वतः काढून घेऊ लागला. अँड्रॉइड १२ मध्ये कॅमेरा किंवा माइक चालू असताना वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसू लागली. अँड्रॉइड १४ मध्ये सगळी छायाचित्रे न दाखविता निवडक तेवढीच ॲपला देण्याची सोय झाली. या साऱ्यांत फोन मालकाला विचारू लागला. पुढचा प्रश्न असा की, उत्तर देणारा खरोखर मालकच आहे की नाही, आणि तो कोणाच्या दबावाखाली तर उत्तर देत नाही ना? अलीकडच्या सुधारणा या प्रश्नाला हात घालतात.

पाहिलेला पिन पुरेसा नाही

सर्वांत मोलाची सुधारणा म्हणजे ‘आयडेंटिटी चेक’. २०२५ च्या आरंभापासून ती अँड्रॉइड १५ असलेल्या पिक्सेल फोनवर आणि वन यूआय ७ असलेल्या पात्र सॅमसंग गॅलेक्सी फोनवर येऊ लागली. मालकाने आपली विश्वासाची ठिकाणे फोनमध्ये नोंदवावयाची. त्या ठिकाणांच्या बाहेर फोनचा पिन बदलणे, चोरीविरुद्धचे संरक्षण बंद करणे, साठविलेले पासवर्ड पाहणे किंवा फोन पुसून कोरा करणे, यांसाठी नुसता पिन चालत नाही. बोटाचा ठसा किंवा चेहराच लागतो. पिन पाहून घेणाऱ्या आणि मग फोन लांबविणाऱ्या चोराचा अर्धा डाव येथेच फसतो.

येथे एक सावधगिरी हवी. विश्वासाच्या ठिकाणांत घराबरोबर दुकानही नोंदवावे, असे सहज मनात येते. पण पिन पाहिला जाण्याचा संभव दुकानातच सर्वाधिक असतो. म्हणून केवळ घर नोंदविणे शहाणपणाचे.

आयफोनधारकांना अशीच सोय जानेवारी २०२४ च्या आयओएस १७.३ या अपडेटपासून उपलब्ध आहे. तिचे नाव ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’. नेहमीच्या जागेबाहेर ॲपल खात्याचा पासवर्ड बदलावयाचा झाल्यास आधी चेहरा किंवा बोट दाखवावे लागते, मग तासभर थांबावे लागते आणि पुन्हा ओळख पटवावी लागते. काही तिजोऱ्यांना वेळेचे कुलूप असते. चावी हातात असली तरी ठरलेल्या वेळेआधी दार उघडत नाही. त्याच जातीचे हे कुलूप आहे.

हिसकावलेला फोन

रस्त्याच्या कडेला उभे राहून बोलत असताना दुचाकीवरून येणारा फोन हिसकावून नेतो, तेव्हा फोन उघडा असतो. पिनचा प्रश्नच येत नाही. यावर गूगलने २०२४ मध्ये ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ ही सोय आणली. फोन अचानक हिसकावला जाऊन तो घेऊन कोणी पळू किंवा वाहनावरून जाऊ लागल्याची चाल फोनमधील संवेदक ओळखतात आणि पडदा आपोआप कुलूपबंद होतो. सोबत आणखी दोन सोयी आहेत. चोराने इंटरनेट बंद करून ठेवल्यास काही काळाने फोन स्वतः कुलूप लावतो. शिवाय दुसऱ्या कोणाच्याही फोनवरून, आपला मोबाइल क्रमांक देऊन, हरवलेला फोन इंटरनेटशी जोडलेला असेल तर दुरून कुलूपबंद करता येतो.

या तिन्ही सोयी अँड्रॉइड १० व त्यापुढील बहुसंख्य फोनवर मिळू शकतात, कारण त्या मुख्य आवृत्तीबरोबर न येता गूगलच्या सेवांमार्फत येतात. म्हणजे फोन जुना असला तरी त्या हाताशी असण्याचा संभव बराच. मात्र पुष्कळदा त्या बंद अवस्थेत पडून असतात. सेटिंग्जमध्ये ‘गूगल’ या विभागात चोरीपासून संरक्षणाचे पान उघडून त्या चालू कराव्या लागतात. विकत घेतलेले कुलूप खोक्यातच राहावे, असा हा प्रकार घरोघरी दिसतो.

या ठिकाणी सिमकार्डाचाही विचार करावा. चोर फोन उघडू शकला नाही तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि ओटीपी तिकडे जाऊ लागतात. यूपीआय पिन नव्याने ठरविण्याची एक रीत अशी, की डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि मोबाइलवर आलेला ओटीपी एवढ्यावर काम होते. कार्डाचे छायाचित्र कोणाला पाठविलेले किंवा कोठे साठविलेले असेल, तर या साऱ्या वस्तू एका हाती येणे अवघड नाही. म्हणून सिमला स्वतंत्र पिन लावणे आणि कार्डाचे छायाचित्र फोनमध्ये न ठेवणे, ही दोन कामे अपडेट येवो न येवो, आजच करण्याजोगी आहेत.

ओटीपीवरचा पडदा

‘तुमच्या खात्यात अडचण आहे, आम्ही दुरुस्त करून देतो, फक्त स्क्रीन दाखवा’ असे सांगून पडदा वाटून घेणारे भामटे आता सर्वांना ऐकून माहीत आहेत. त्यांना पासवर्ड विचारावा लागत नाही. पडद्यावर आलेला ओटीपी ते समोरच वाचतात. अँड्रॉइड १५ मध्ये पडदा दुसऱ्यास दाखविला जात असताना सूचनांतील मजकूर आणि ओटीपी झाकले जातात. पासवर्ड टाकण्याच्या जागाही पाहणाऱ्याला दिसत नाहीत. सूचना वाचण्याची परवानगी मिळविलेल्या बहुतेक ॲपनासुद्धा त्यांतील ओटीपी आता दिला जात नाही.

पूर्ण पडद्याऐवजी एकाच ॲपचे चित्र दाखविण्याची सोयही याच मालिकेतील आहे. करसल्लागाराला विक्रीचा तक्ता दाखविताना घरचे निरोप दिसण्याचे कारण उरत नाही.

लग्नपत्रिकेच्या वेषात

व्यापारी कुटुंबांना सर्वांत जास्त सावध राहावे लागते ते एका फाइलपासून. ओळखीच्याच क्रमांकावरून लग्नपत्रिका येते. कधी ती वाहनाच्या दंडाचे चलन असते, कधी बँकेची सूचना. नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. पत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, तो एक प्रोग्राम असतो. तो उघडून बसविला की एसएमएस वाचण्याची परवानगी मागतो, ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची परवानगी मागतो. ही दुसरी परवानगी मुळात दृष्टिबाधित व अपंग व्यक्तींच्या साहाय्यासाठी आहे. तिच्यामुळे ॲपला पडदा वाचता येतो आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबता येतात. ती चोराच्या हाती पडणे म्हणजे गल्ल्यावर अनोळखी गुमास्ता बसविणे. ज्याच्या क्रमांकावरून पत्रिका आली तो नातेवाईक बहुधा स्वतःच आधी फसलेला असतो.

अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरबाहेरून बसविलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही. अँड्रॉइड १५ मध्ये हा निर्बंध आणखी संवेदनशील परवानग्यांवर वाढविण्यात आला. याखेरीज ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने भारतासाठी ‘प्ले प्रोटेक्ट’मध्ये एक बंदोबस्त जाहीर केला. एसएमएस, सूचना किंवा ॲक्सेसिबिलिटी यांची परवानगी मागणारे ॲप ब्राउझर, निरोपाचे ॲप किंवा फाइल व्यवस्थापक यांमार्फत बसविण्याचा प्रयत्न झाला, तर ते अडविले जाते.

भामटे मात्र स्वस्थ बसलेले नाहीत. ते फोन लावून गोड बोलत ‘हे बटण दाबा, तो इशारा बंद करा’ असे एकेक पायरी सांगत जातात. माणूस बोलण्यात गुंतला की त्याचा विवेक मागे पडतो. अँड्रॉइड १६ मधील सुधारणा नेमकी येथे काम करते. संपर्कयादीत नसलेल्या व्यक्तीशी बोलणे चालू असताना प्ले प्रोटेक्ट बंद करणे, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी देणे किंवा ब्राउझरसारख्या मार्गाने प्रथमच बाहेरचे ॲप बसविणे, ही कामे फोन होऊच देत नाही. पैशाची काही ॲप अशा बोलण्यात पडदा वाटून उघडली, तर अर्ध्या मिनिटाचा सक्तीचा विराम देण्याचा प्रयोगही २०२५ मध्ये प्रथम ब्रिटनमध्ये सुरू झाला. अर्धे मिनिट ही थोडकी वेळ नव्हे. तेवढ्यात गल्ल्यावरचा मुलगा विचारू शकतो, ‘बाबा, कोणाशी बोलताय?’

घरातली सोय

एकाच फोनवर दुकान आणि घर दोन्ही चालते, आणि संध्याकाळी तोच फोन नातवंडांच्या हाती जातो. अँड्रॉइड १५ मधील ‘प्रायव्हेट स्पेस’ म्हणजे फोनच्या आत वेगळ्या कुलपाची खोली आहे. गुंतवणुकीची किंवा कागदपत्रांची ॲप तेथे ठेवली की ती इतर यादीत दिसत नाहीत. परंतु खोलीला कुलूप असताना आतील ॲपच्या सूचना येत नाहीत. त्यामुळे दिवसभर पैसे जमा झाल्याची खबर देणारे ॲप तेथे ठेवू नये. तसेच फोन बदलताना त्या खोलीतील सामान नेहमीच्या बॅकअपने नव्या फोनवर जात नाही, हेही ध्यानी असावे.

क्वचित लागणारे ॲप पूर्ण न काढता, त्यातील माहिती राखून, त्याने व्यापलेली बरीचशी जागा मोकळी करण्याची ‘आर्काइव्ह’ ही सोयही आता सेटिंग्जमध्येच आहे. जागा नसल्यामुळे अपडेट रखडलेल्या फोनला तिचा प्रथम उपयोग होतो.

अपडेट केव्हा, कसे

अपडेट तीन प्रकारचे असते. मुख्य आवृत्ती साधारण वर्षाला येते, सुरक्षेची डागडुजी गूगलकडून दरमहा प्रसिद्ध होते आणि काही भाग प्ले सेवांतून परस्पर सुधारतात. मुख्य आवृत्ती गूगलकडून फोन बनविणाऱ्या कंपनीकडे जाते आणि ती आपल्या फोनप्रमाणे बदल करून पुढे पाठविते. म्हणून शेजाऱ्याच्या फोनवर आलेले अपडेट आपल्या फोनवर काही महिन्यांनी येते, किंवा येतही नाही. सेटिंग्जमधील ‘फोनविषयी’ या पानावर अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेटची तारीख दोन्ही दिसतात. ती तारीख वर्षाहून जुनी असेल आणि नवे काही येत नसेल, तर त्या फोनवर पैशाचे व्यवहार ठेवावेत काय, याचा घरात विचार व्हावा.

मोठ्या अपडेटसाठी साप्ताहिक सुट्टीचा दिवस उत्तम. महिन्याच्या ११ आणि २० तारखांच्या आसपास, जीएसटीची विवरणपत्रे भरण्याच्या घाईत, ते हाती घेऊ नये. आधी संपर्क, व्हॉट्सॲप आणि उधारीच्या नोंदी यांचा बॅकअप घ्यावा. फोन चार्जरला आणि वायफायला जोडावा. घरात चार फोन असतील तर एकावर करून, दोन दिवस बँकेची व यूपीआयची ॲप नीट चालतात हे पाहून मग बाकीचे करावेत.

नवा फोन घेताना कॅमेऱ्याची चौकशी होते, रंगाची होते. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे क्वचितच कोणी विचारतो. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून आपल्या प्रमुख फोनना सात वर्षांची हमी दिली आहे. स्वस्त फोनना ती बरीच कमी असते. उदाहरणादाखल, १२ हजारांचा फोन दोन वर्षे अपडेट मिळवीत असेल आणि १८ हजारांचा सहा वर्षे, तर सुरक्षित वापराचा वार्षिक खर्च पहिल्याचा सहा हजार आणि दुसऱ्याचा तीन हजार पडतो. घसाऱ्याचा हिशेब जाणणाऱ्यांना यापुढे सांगण्याची गरज नाही.

जे अपडेट करू शकत नाही

दोन चाव्यांची पद्धत तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा दोन्ही चाव्या एका जुडग्यात नसतात. पिन फोनच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहिलेला असेल, घरातील सर्वांच्या यूपीआयला एकच आकडा असेल, किंवा ओटीपी तोंडाने सांगितला जात असेल, तर कोणतेही अपडेट कामास येणार नाही. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. दुकानातील सर्वांत नव्या नोकरालाही ही गोष्ट माहीत हवी.

आणि तरीही फसगत झालीच, तर संकोच बाजूस ठेवून तत्काळ बँकेस कळवावे, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि फोन चोरीस गेला असल्यास ‘संचार साथी’मार्फत तो रोखण्याची विनंती करावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने यातील जबाबदारीची विभागणी स्पष्ट केली. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाच्या हयगयीने, म्हणजे गुप्त अंक दुसऱ्यास दिल्याने नुकसान झाले असेल, तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे. लोक काय म्हणतील या विचारात घालविलेली रात्र बहुधा सर्वांत महाग पडते. घरातील ज्येष्ठांना बोल लावल्यास पुढच्या वेळी ते लपवतील, हेही तरुणांनी विसरू नये.

रात्री शटर ओढून कुलूप लावल्यावर व्यापारी ते एकदा हाताने ओढून पाहतो. कुलूप लागले आहे हे त्याला ठाऊक असते, तरी ओढल्यावाचून त्याचे पाऊल निघत नाही. खिशातल्या दुकानासाठीही तेवढेच करावयाचे आहे. आज रात्री घरी गेल्यावर सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी, चोरीपासून संरक्षणाचे पान उघडावे आणि घरातील सर्वांत वडील माणसाचा फोन आधी हाती घ्यावा.